मीटरचा काटा

आमच्या वस्तीवर, गोठ्याच्या शेजारी, पत्र्याच्या शेडात एक पांढरी कॉन्टेसा गाडी उभी आहे. येणारा-जाणारा तिच्याकडं बघतो आणि विचारतो, "आण्णा, ही चेअरमनची ना?" मी होय म्हणतो. ती एकेकाळी आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनची होती. कारखान्याचं नाव इथं घेत नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, आणि मला कुणावर बोट दाखवायचं नाही. बोट दाखवायचं ते स्वतःकडंच.

गाडी २०१७ साली माझ्या थोरल्या मुलानं भंगारवाल्याकडून आणली. त्याआधी ती कितीतरी वर्षं बाभळीखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली होती, डिकीत मुंग्यांचं वारूळ. बायको म्हणाली, "एवढ्या पैशात एक म्हैस आली असती." खरं होतं. पण पोराला जुन्या गाड्यांचं वेड, आणि मला त्या एका गाडीशी हिशेब होता. तो हिशेब मी घरात कधी कुणाला सांगितला नव्हता.

आजच्या पोरांना कॉन्टेसा म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून थोडं मागचं सांगतो. आपल्या देशात त्या काळी मोटार म्हणजे दोनच, फियाट आणि ॲम्बेसेडर. ॲम्बेसेडर बनवायची हिंदुस्थान मोटर्स, बंगालमधल्या उत्तरपाड्याला. त्याच कंपनीनं १९८४ साली कॉन्टेसा काढली. तिचा सांगाडा इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७२ सालच्या व्हिक्टर गाडीचा. तिकडं ती गाडी बंद पडली आणि इकडं तिचा दुसरा जन्म झाला. सुरुवातीला तिच्यात ॲम्बेसेडरचंच इंजिन घालत. एवढं मोठं धूड आणि ताकद जेमतेम पन्नास घोड्यांची, म्हणजे पहिलवानाला बाळाची पावलं लावल्यासारखं. नंतर जपानच्या इसुझू कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठं गाडीला पाय फुटले. ताकद नव्वद घोड्यांच्या जवळ गेली. पुणे-सोलापूर रस्त्यावर ती ट्रकांना मागं टाकून जायची तेव्हा बैलगाडीवाले कासरा ओढून बघत राहायचे. मंत्री, कारखान्याचे चेअरमन, सिनेमातले खलनायक, सगळ्यांकडं हीच. २००२ साली ती बनायची बंद झाली.

आमच्या कारखान्यानं इसुझूचीच घेतली, १९८९ साली. मी तेव्हा शेतकी खात्यात स्लिपबॉय होतो. दहावी झाल्यावर पुढं शिकायची ऐपत नव्हती. घरची चार एकर, त्यातली दीड एकर चिबड. स्लिपबॉयचं काम म्हणजे सीझनमध्ये सायकलवर फिरून शेतकऱ्यांना ऊसतोडीच्या स्लिपा द्यायच्या. सीझन संपला की घरी. मी मात्र साहेबांच्या फायली उचलायला, चहा सांगायला बिनसीझनचाही जायचो. कधीतरी कायम करतील ही आशा.

गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणायचो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. आधी ट्रकवर होते. सकाळी गाडी पुसताना पुटपुटत बोलायचे तिच्याशी, बैलाशी बोलावं तसं. मला एकदा बॉनेट उघडून सगळं दाखवलं होतं. हा डिस्ट्रिब्युटर, हा अल्टरनेटर, हा सेल्फ. म्हणाले, "इंजिन रागावलं तर आवाज करतं, कळतं. करंट रागावला तर बोलत न्हाय. तो चोरासारखा असतो."

चोर हा शब्द त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा त्या गाडीच्या बाबतीत ऐकला.

जून १९९४. पहिला आठवडा, पाऊस अजून आला नव्हता. चेअरमन मुंबईला होते आणि एक साहेब पुण्याला साखर आयुक्तांच्या कचेरीत कागद घेऊन निघाले. गाडी मोकळी म्हणून चेअरमनचीच नेली. पुढं मामा आणि साहेब, मागं फायलींचं गाठोडं आणि मी. काम उरकलं. परत येताना हडपसरला पेट्रोलची टाकी भरली. पंपाची पावती घ्यायला मी पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकलो तेव्हा समोर मीटर दिसलं. काटा पार शेवटच्या रेघेला टेकलेला. हे मला आजही डोळ्यांपुढं दिसतं.

यवतच्या पुढं एका धाब्यावर थांबलो तेव्हा दिवस नुकता मावळत होता. दिवे लावायची वेळ झाली नव्हती. साहेब आणि मी जेवायला बसलो. मामांचा उपवास होता, ते चहा पिऊन गाडीपाशी गेले. तासाभरानं आम्ही उठलो. मिट्ट काळोख पडला होता. मामांनी गाडी चालू केली, दिवे लावले आणि रस्त्याला घेतली. साहेबांनी सहज मीटरकडं पाहिलं. काटा खालून हळूहळू चढला आणि निम्म्याच्याही अलीकडं थांबला.

"टाकी भरली होती ना रे?"

"व्हय साहेब, भरली होती."

"मग पेट्रोल कुठं गेलं?"

मामा म्हणाले, "साहेब, दिवे लावले की काटा पडतो हिचा. मी सांगितलं होतं गॅरेजला."

साहेब हसले. कुणीही हसलं असतं. दिव्यांचा आणि पेट्रोलचा काय संबंध? दिवे बॅटरीवर चालतात, पेट्रोल टाकीत असतं. मग साहेब मागं वळून मला म्हणाले, "तू पाहिलंस ना रे हडपसरला?" मी म्हणालो, "पाहिलं साहेब. काटा फुल होता." "आणि आता?" "आता निम्म्याखाली आहे."

मामा एवढंच म्हणाले, "पंपावर थांबू, परत भरू. किती बसतंय बघा." साहेब म्हणाले, रात्रीचं कुठं पंप शोधत बसायचं, चला.

दुसऱ्या दिवशी टाईम ऑफिसात माझा जबाब घेतला. मी लिहिलं की हडपसरला टाकी पूर्ण भरल्याचं मी पाहिलं, मध्ये तासभर गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात होती, आणि नंतर टाकी निम्म्याखाली होती. सही केली, तारीख टाकली. गाडीची किल्ली मामांकडून रात्रीच काढून घेतली होती. सकाळी उजेडात, दिवे बंद असताना तो काटा कुठं होता हे पाहायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. महिन्याभरात मामांना कामावरून कमी केलं. पेट्रोलचोर म्हणून.

पुढच्या वर्षी माझं नाव कायमच्या यादीत आलं. या दोन गोष्टींचा संबंध होता असं मी म्हणत नाही. नव्हता असंही मला म्हणवत नाही.

आता जरा काट्याचाच इतिहास सांगतो, कारण गाडी दुरुस्त करताना पोरानं आणि मी मिळून तो बराच गोळा केला.

पहिल्या मोटारींना वीज फारशी लागतच नव्हती. समोर हँडल घालून गरागरा फिरवायचं आणि इंजिन चालू करायचं. आमच्या गावात आलेल्या पहिल्या ट्रकला हँडल मारताना मी लहानपणी पाहिलं आहे. उलटा झटका बसला की मनगट जायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसानं विजेचा स्टार्टर काढला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. तिथून बॅटरी, डायनामो, दिवे, हॉर्न असा विजेचा संसार मोटारीत वाढत गेला. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी घासलेट विकता विकता कंदिलाचा धंदा काढला. त्यांच्याच नावाची कंपनी पुढं मोटारींचं विजेचं सामान बनवणारी मोठी कंपनी झाली आणि १९६१ साली मद्रासला टीव्हीएसबरोबर तिचा कारखानाही उभा राहिला. आपल्याकडच्या कितीतरी गाड्या, ट्रक, ट्रॅक्टरांचे सेल्फ आणि डायनामो तिथलेच.

पेट्रोल मोजायचं मात्र साधं होतं. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत बनली. तिची टाकी सीटखाली. सीट उचलायची, टोपण काढायचं आणि लाकडी पट्टी आत बुडवायची. जिथवर ओली झाली तिथवर पेट्रोल. आपण कणगीत काठी घालून धान्य बघतो किंवा विहिरीत दोर सोडून पाणी बघतो, तसंच. पट्टी दिव्यानं फसत नाही. पण माणसाला सीटवरून उठायचा कंटाळा. म्हणून मग टाकीत फ्लोट सोडला. संडासाच्या टाकीत असतो तसाच तरंगता गोळा. तो एका दांडीला जोडला आणि दांडीचं टोक एका बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतं ठेवलं. पेट्रोल कमी-जास्त झालं की दांडी हलते आणि करंटला होणारा अडथळा बदलतो. समोर मीटरमध्ये काट्यामागं दोन धातूंची चिकटलेली पट्टी, तिच्याभोवती बारीक तार. करंट जास्त आला की पट्टी जास्त तापते, जास्त वाकते, काटा वर जातो. करंट कमी आला की काटा खाली.

म्हणजे बघा, काटा पेट्रोल मोजतच नाही. काटा करंट मोजतो. पेट्रोल आपण मनानं समजून घेतो. हे मला कळायला सत्तावन्न वर्षं लागली.

गाडी आणली तेव्हा तिच्या विजेचं सगळंच बिघडलेलं होतं. पोरगा फोनवर बघून बघून करायचा, पण खरी वाट दाखवली ती तालुक्याच्या एका म्हाताऱ्या ऑटो-इलेक्ट्रिशियननं. त्यांना सगळे चाचा म्हणतात. हाताला कंप, डोळ्याला जाड भिंगं, पण टेस्ट लॅम्प हातात घेतला की हात स्थिर. चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पार्ट बदलू नका. जुन्या गाडीत दहातले सात आजार अर्थचे असतात."

आपल्या विहिरीच्या मोटारीला अर्थिंग असतं. खड्डा घेऊन कोळसा, मीठ टाकून तांब्याची किंवा लोखंडाची पट्टी पुरतात आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी ओततात. ते शॉक बसू नये म्हणून. मोटारगाडीत मात्र अर्थ म्हणजे करंटचा परतीचा रस्ता. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून करंट वायरीनं जातो, दिवा पेटवतो, हॉर्न वाजवतो, आणि परत निगेटिव्हला येतो तो गाडीच्या लोखंडी अंगातून. त्यामुळं अर्ध्या वायरी वाचतात. पण जिथं वायर बॉडीला आवळली आहे तो स्क्रू गंजला, त्याखाली रंग किंवा माती गेली, की परतीचा रस्ता अडला.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. १८८५ मध्ये कालवा आला, पाणी आलं, ऊस आला. पण आलेलं पाणी जायला चर नीट नव्हते, म्हणून जमिनी चिबडल्या. पाणी आणणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच ते काढून देणं. चाचांनी अर्थचं सांगितलं तेव्हा मला माझी दीड एकर आठवली.

आम्ही एकेक आजार धरला. ज्याच्याकडं जुनी गाडी असेल त्याच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

पहिली बॅटरी. गाडी बंद असताना भरलेल्या बॅटरीला साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दिसायला पाहिजे. इंजिन चालू झालं की चौदाच्या आसपास. आमच्याकडं इंजिन चालू असतानाही बारावरच. पोरगा अल्टरनेटर आणायला पुण्याला नाना पेठेत निघाला होता. चाचांनी अडवलं. किल्ली फिरवली तर मीटरमध्ये चार्जिंगचा लाल दिवा लागतच नव्हता. त्या इवल्याशा बल्बमधून अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो, तेव्हा तो जागा होतो. बल्ब गेलेला. नवा घातला, चौदा व्होल्ट.

दुसरं, सेल्फ रडत फिरायचा. चाचांनी मला सेल्फ मारायला लावला आणि स्वतः ॲक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला. केबल गरम. इंजिनापासून बॉडीला येणारी जाड पट्टी कुणीतरी इंजिन उतरवताना काढली आणि परत लावलीच नव्हती. मग सेल्फचा एवढा मोठा करंट मिळेल त्या वाटेनं, केबलमधून परतत होता. असं जास्त चाललं तर केबल जळते. पट्टी लावली, सेल्फ खणखणीत.

तिसरं, पेट्रोलचा आणि पाण्याच्या उष्णतेचा असे दोन्ही काटे एकदम वर चढायचे. इंजिन उकळलं म्हणून पोरगा घाबरून दोनदा थांबला, पण रेडिएटर बेताचाच गरम. चाचा म्हणाले, दोन वेगळे काटे एकदम खोटं बोलायला लागले तर दोघांच्या मधला माणूस शोधा. अशा मीटरांच्या मागं एक छोटी डबी असते. ती बॅटरीचे बारा-चौदा व्होल्ट कमी करून साधारण दहावर ठेवते, म्हणजे बॅटरी कमी-जास्त झाली तरी काटा हलत नाही. त्या डबीचाच अर्थ सुटला होता, म्हणून पूर्ण व्होल्टेज काट्यांना जात होतं. स्क्रू घासून आवळला, दोन्ही काटे जागेवर आले.

मग चाचांनी टाकीच्या काट्याची परीक्षा घेतली. टाकीवरची वायर काढून क्षणभर बॉडीला लावली, काटा फुलकडं गेला. वायर सोडली, काटा खाली आला. म्हणजे मीटर चांगलं, वायर चांगली. हे करताना टाकीचं तोंड बंद पाहिजे आणि जवळ ठिणगी नको. फ्लोट बाहेर काढायचा असेल तर आधी बॅटरी सोडायची.

सगळं झालं असं वाटलं. टाकी काठोकाठ भरली, काटा फुल. मी पोराला म्हणालो, "दिवे लाव."

"उजेड आहे की आण्णा."

"लाव म्हणतो ना."

त्यानं लावले. पहिली काही सेकंदं काहीच झालं नाही. पट्टी थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळं काटा एकदम पडत नाही. मग तो सावकाश, कुणी खाली खेचत असल्यासारखा, उतरायला लागला. तीन चतुर्थांश. त्याच्याखाली. निम्म्यापाशी येऊन थांबला. मी ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. आणखी खाली गेला. दिवे बंद केले, काटा हळूहळू परत वर.

मी शेडातल्या बाजेवर बसलो. पोराला वाटलं उन्हानं चक्कर आली. तेव्हा मी त्याला मामांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

चाचांनी डिकीतली चटई काढली. मागं कधीतरी गाडीला धक्का बसलेला असावा, पत्रा ठोकून सरळ केला होता. ते काम करणाऱ्यानं मागच्या दिव्यांच्या, नंबरप्लेटच्या आणि टाकीच्या फ्लोटच्या, अशा सगळ्या अर्थच्या वायरी एकाच स्क्रूखाली आवळल्या होत्या, तेही रंगावर. स्क्रू तांबेरलेला. चाचांनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं त्या वायरींच्या जुडग्याला. दिवे बंद असताना आकडा शून्याच्या जवळ. दिवे लावल्यावर तीन व्होल्ट. तिथं एक व्होल्टसुद्धा असायला नको. मागचे दिवेसुद्धा मंद होते, पण तिकडं कुणाचं लक्ष जातं?

कारण आता सरळ होतं. सगळ्यांचा परतीचा चर एकच, आणि तो अर्धा बुजलेला. दिवे बंद असताना फ्लोटचं पाणी थोडंसंच, ते निघून जायचं. दिवे लावले की त्यांचं पाणी त्याच चरात यायचं, चर तुंबायचा आणि फ्लोटचा करंट मागंच अडायचा. काट्याला करंट कमी, म्हणून काटा खाली. टाकीत पेट्रोल तेवढंच.

स्क्रू काढला, कानस मारून पत्रा चकचकीत केला, वायरींना नवी टोकं लावली, दिव्यांचा अर्थ वेगळा आणि फ्लोटचा वेगळा केला, वर व्हॅसलीन लावलं. वीस मिनिटांचं काम. खर्च चहाचा. दिवे लावले, ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला. काटा हलला नाही.

मामा पंचवीस किलोमीटरवर मुलाकडं राहतात हे मला माहीत होतं. तेवीस वर्षं माहीत होतं. बाजारात एकदोनदा लांबून दिसले तेव्हा मी रस्ता बदलला होता.

जाताना पोरानं एक शहाणपणाचं केलं. त्यानं डिकीतला जुना गंजका स्क्रू आणि वायरी पुन्हा होत्या तशा जोडून घेतल्या. म्हणाला, "दुरुस्त करून नेली तर त्यांना काय दिसणार?" आम्ही दिवेलागणीला पोचलो. मामा ओट्यावर बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, अंग वाळलेलं. गाडीच्या आवाजानंच मान वळली. मी काही बोलायच्या आत ते उठले, बॉनेटवरून हात फिरवला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

मी म्हणालो, "मामा, टाकी फुल आहे. दिवे लावा."

त्यांचा हात न बघता बटणावर गेला. आम्ही तिघं काट्याकडं बघत राहिलो. तो उतरला, निम्म्यापाशी थांबला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अजून तसाच पडतो व्हय. आता घाला नीट."

पोरानं बॅटरीच्या उजेडात स्क्रू बदलला. काटा वर चढला तसे मामा उतरले.

ओट्यावर बसल्यावर मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. माफीचं काय बोललो ते नीट आठवत नाही. शब्द पुढंमागं झाले असतील. मी एवढं म्हणालो की मी खोटं लिहिलं नव्हतं. मामा म्हणाले, "तू खोटं लिव्हलं न्हाईस, ठाव हाय मला. तू काटा बघितलास. पेट्रोल कुणी बघितलं?"

जबाबात मी लिहिलं होतं, टाकी निम्म्याखाली होती. टाकी मी पाहिलीच नव्हती. काटा निम्म्याखाली होता एवढंच लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. एका शब्दाचा फरक. त्या एका शब्दावर एका माणसाचं काम गेलं, गावात नाव गेलं. त्यांच्या थोरल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न त्या वर्षी मोडलं हे मला त्या रात्री ओट्यावर कळलं. मामींनी सांगितलं, चहा देता देता. आवाज न चढवता.

मी विचारलं, "मामा, आता मी काय करू?" कारखान्यात तेव्हाचं कुणी राहिलेलं नाही, फाईल कुठं असेल देव जाणे.

ते म्हणाले, "तवा लिव्हून दिलंस ना? आता बी लिव्हून दे."

नातवाच्या वहीचं पान फाडून घेतलं. मी लिहिलं: जून १९९४ मध्ये मी जो जबाब दिला त्यात टाकी निम्म्याखाली होती असं म्हटलं आहे. ते चूक आहे. मी फक्त मीटरचा काटा पाहिला होता. गाडीच्या मागच्या अर्थमध्ये दोष असल्यानं दिवे लावल्यावर काटा खाली येत असे. हे ड्रायव्हरनं त्याच वेळी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. पेट्रोल चोरीला गेलं नव्हतं. हा दोष मी स्वतः डोळ्यांनी पाहून, तपासून लिहून देत आहे.

नातवानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मामांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना आतून सून आणि मुलगाही दारात येऊन उभे राहिले. मी सही केली आणि कागद पुढं केला. मामांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि परत माझ्याकडं दिला.

"तारीख टाक," ते म्हणाले. "त्याच्यावर तारीख होती."

मी तारीख टाकली.